चिलखत तुझ्या अंगाचं

अगं, आधी तो खोका बंद कर आणि कात्री कपाटात ठेव. आज काहीही कापायचं नाही. फोनवर तू बोललीस ते सगळं ऐकलं, पण मध्येच तुझी मीटिंग लागली आणि माझं सांगणं राहून गेलं. ‘ताई, मी जेमतेम ५ फूट १ इंच, त्यात कमरेखाली भरलेली. स्टॉर्मट्रूपर माझ्या नशिबात नाही. सहा महिने जिम करते, मग बघू.’ तुझं हे बोलणं मला अजिबात पटलं नाही. वजन तुला स्वतःसाठी कमी करावंसं वाटत असेल तर जरूर कर, चिलखतासाठी मात्र करू नकोस. ते प्लास्टिक आहे. कापता येतं, जोडता येतं, गरम पाण्यात धरून वळवता येतं. अंगाला त्याच्या मापात कोंबायचं हा उफराटा विचार आधी डोक्यातून काढ.

मुळात हे चिलखत एकाच मापाचं का, ते समजून घे, म्हणजे आरशासमोर स्वतःला नावं ठेवणं थांबेल. पहिला ‘स्टार वॉर्स’ आला १९७७ साली, पण त्यातल्या स्टॉर्मट्रूपर सैनिकांचं पांढरं चिलखत घडलं १९७६ मध्ये, इंग्लंडात. राल्फ मॅक्वॉरी यांच्या चित्रांवरून कल्पना ठरली. ब्रायन म्यूर या तरुण शिल्पकाराने अंगावरचे भाग मातीत घडवले, त्यावरून साचे निघाले. मग तापवून मऊ केलेलं प्लास्टिक साच्यावर हवेच्या ओढीने बसवायचं, म्हणजे व्हॅक्यूम फॉर्मिंग करायचं, अशा रीतीने ट्विकनहॅमच्या अँड्र्यू एन्सवर्थ यांच्या कारखान्यात एकामागून एक भाग निघाले. साचा उंच, सडसडीत पुरुषाच्या बांध्याचा. जे नट मिळाले त्यांच्या अंगावर तो पट्ट्यांनी आवळून चढवला गेला. चित्रपट थांबवून थांबवून बघ. कुणाच्या मांडीवरचा भाग फिरलाय, कुणाच्या कमरेला फट दिसते, कुणाचं हेल्मेट खांद्यावर टेकलंय. त्या कथेतसुद्धा ट्रूपरच्या वेशात आलेल्या ल्यूकला राजकन्या लेया सगळ्यात आधी त्याच्या उंचीवरूनच टोकते. तेव्हा ‘माझ्या अंगावर नीट बसत नाही’ ही तक्रार तुझ्या जन्माच्या कितीतरी आधीची आहे.

आता नियमांकडे येऊ. तुला ज्या फाइव्ह-ओ-फर्स्ट लीजनची, म्हणजे हे वेश घालणाऱ्यांच्या संस्थेची, धास्ती वाटते, ती १९९७ मध्ये साउथ कॅरोलायनात अल्बिन जॉन्सन यांनी सुरू केली. त्याआधी मोटार अपघातात त्यांचा एक पाय गेला होता. कृत्रिम पायावर उभं राहून या माणसाने ट्रूपरचं पांढरं चिलखत चढवलं. पुढे त्यांची मुलगी केटी मेंदूच्या कर्करोगाने आजारी पडली, तेव्हा तिच्यासाठी गुलाबी रंगाचा आर२ यंत्रमानव उभा करायचं ठरलं, आर२-केटी. केटी २००५ मध्ये गेली. त्यानंतर तो गुलाबी यंत्रमानव आजारी मुलांना भेटत राहिला. लीजनचे लोक कार्यक्रमांना मानधन घेत नाहीत, रुग्णालयांत, धर्मादाय कामांना आपल्या खर्चाने जातात. मला हे सगळं मनापासून आवडतं, आणि म्हणूनच तिथले कडक नियमही आवडतात. मुलांसमोर जो ट्रूपर उभा राहील तो चित्रपटातूनच उतरून आला असं वाटलं पाहिजे, एवढ्यासाठी ते आहेत.

पण ते कडक कशाबद्दल आहेत, हे तू नीट वाचलंस का? कॉस्च्यूम रेफरन्स लायब्ररी, जिला तिथले सगळे सीआरएल म्हणतात, ती उघड आणि चहा घेऊन शांतपणे वाच. एकेका भागाचं वर्णन आहे. पोटावरच्या बटणांचे रंग, पट्ट्याचं कापड, डाव्या गुडघ्यावरची चौकोनी पट्टी, उजव्या मांडीच्या खालच्या कडेला बसणारी गोळ्यांच्या डब्यांची रांग, सांध्यावरच्या पट्ट्यांची रुंदी. उंची किती हवी, वजन किती हवं, बाई की पुरुष, याचं एक अक्षरही नाही. अर्ज करायला वय १८ पूर्ण लागतं, बस. मान्यतेच्या तीन पायऱ्या आहेत: बेसिक, मग एक्स्पर्ट इन्फंट्री, मग सेंच्युरियन. पहिल्यांदा बेसिकवर नजर ठेव. वरच्या पायऱ्यांना फटी, कडा, रिबिटं अगदी बारकाईने बघतात. ते नंतर करता येतं, आणि बांधणी विचाराने केली असेल तर फार मोडावंही लागत नाही.

तुझ्यासारख्या बांध्याला खरी अडचण येते ती प्रमाणात. हेल्मेट लहान होत नाही. ते आहे त्या आकाराचंच राहणार. अंगावरचे भाग भराभर कापत सुटलीस तर खाली बारीकशी बाहुली आणि वर भलंमोठं डोकं असं दिसतं. म्हणून मी तुला सांगते की उंची कमी असली तरी प्रत्येक भाग जेवढा मोठा ठेवता येईल तेवढा ठेव, फक्त चालताना एकमेकांवर आपटणार नाही इतकाच कमी कर. बुटात टाच उचलणारे इनसोल घाल, एक-दीड इंच सहज मिळतो, आणि त्यात कुठलाही नियम मोडत नाही.

माप घ्यायची रीत सांगते. जे आतून घालणार आहेस तेच घालून माप घ्यायचं: काळा अंगाबरोबरचा आतला पोशाख, बूट, आणि कार्यक्रमाला जी स्पोर्ट्स ब्रा घालशील तीच. साध्या ब्रावर माप घेतलंस तर छातीचा भाग त्या दिवशी बसणारच नाही. मग सगळे भाग मास्किंग टेपने अंगावर चढव. गोंद नाही, कापाकापी नाही, नुसती टेप. कारखान्याने ठेवलेली फाजील कड तेवढी आधी काढावी लागते, ती काढ, पण ठेवायची रेघ पेन्सिलने आखून तिच्या बाहेरूनच. ब्लाउज शिवताना आई कशी आत माया ठेवायची, तशी इथे प्रत्येक जोडाला माया ठेव. एका वेळी तीन-चार मिलिमीटर, पुन्हा अंगावर, पुन्हा आरसा. डावा आणि उजवा भाग वेगळा मापून आतून पेन्सिलने लिहून ठेव. आपले दोन्ही दंड, दोन्ही मांड्या कधीच सारख्या नसतात.

कुठून कापायचं, हे सर्वांत महत्त्वाचं. जिथे नक्षी नाही तिथून. मांडीच्या भागाला गुडघ्याजवळ उठावाची कड आहे आणि उजवीकडे तिथेच डब्यांची रांग बसते, म्हणून मांडी नेहमी वरून कापायची. नडगीच्या भागाला उठाव वर, गुडघ्याजवळ, म्हणून ती खालून, घोट्याकडून कापायची. एवढं लक्षात ठेवलंस तर निम्मी लढाई जिंकलीस. मांडीच्या वरच्या कडेला आतल्या बाजूने, जांघेकडे, जास्त उतार दे. बाहेरून उंच, आतून खाली. समोरून बघणाऱ्याला लांबी तशीच दिसते आणि तुला पाय टाकायला जागा मिळते. आखूड पाय आणि भरलेल्या मांड्या असलेल्या आपल्यासारख्या बायकांना हा उतार नसेल तर चालताना कड खाली बोचते आणि पोटाचा भाग वर ढकलला जातो, मग सगळंच वाकडं दिसायला लागतं.

धड आखूड असेल तर पोटाचा भाग वरून कमी करायचा. छातीचा भाग त्याच्यावर येतो, त्यामुळे कापलेली कड झाकली जाते. बटणांच्या पट्ट्यांना हात लावायचा नाही. मागे कमरेचा भाग, तिथले लोक किडनी म्हणतात तो, तेवढाच कमी कर, नाहीतर बाजूला दोन कडा वरखाली दिसतील. फोटोत बघणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते.

आता भरलेल्या अंगाचं. मांड्या, पोटऱ्या, कंबर. तुला वाटतं तसं इथे अवघड काही नाही, फक्त धीर लागतो. हातापायांचे सगळे भाग दोन अर्धुकांचे असतात आणि सांध्यावर पांढरी पट्टी बसते. हातांवर ती साधारण १५ मिलिमीटरची आणि पायांवर पुढून २० मिलिमीटरची ठेवतात. पुढच्या पट्टीच्या रुंदीला हात लावायचा नाही. जी वाढ हवी ती मागच्या सांध्यात घ्यायची. पायाच्या मागे २५ मिलिमीटरची पट्टीही चालते, त्यामुळे थोडीफार वाढ पट्टीखालीच झाकली जाते. त्याहून जास्त हवी असेल तर मध्ये तुकडा घालायचा, त्याला शिम म्हणतात.

शिम घालायची पद्धत मी एका मांडीवर सांगते, बाकी सगळीकडे तीच. आधी मागचा सांधा टेपने तुझ्या मांडीवर मोकळा ठेव आणि उभी राहून, मग एक पाऊल पुढे टाकून, मग थोडं वाकून फट किती पडते ते बघ. सर्वांत मोठी पडेल ती खरी. तेवढ्या रुंदीचा तुकडा काप, पण नवीन शीट आणू नकोस. किटमधून जी फाजील कड निघाली ना, ती फेकू नकोस असं मी याचसाठी म्हणते. पांढऱ्यातसुद्धा छटा असतात. बाहेरून आणलेलं पांढरं उन्हात निळसर किंवा पिवळट दिसतं, तुझ्याच किटची कड तंतोतंत जुळते. तुकडा आतून एका रुंद पट्टीवर चिकटव, मग त्याला दोन्ही अर्धुकं जोड. उरलेले बारीक तुकडे काचेच्या बरणीत अॅसिटोनमध्ये भिजत घाल. एबीएस प्लास्टिक त्यात विरघळतं आणि घट्ट सायीसारखी लापशी होते. ती सांध्यावरच्या रेघेत भरायची, पूर्ण वाळू द्यायची, आणि मग आधी जाड, मग बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासायचं. शेवटी प्लास्टिकच्या पॉलिशने चमक आली की सांधा हाताला लागत नाही. हे काम खिडक्या उघडून, हातमोजे घालून, गॅसच्या शेगडीपासून लांब कर. अॅसिटोन पेट घेतं. तुझ्या त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात तर मुळीच नको, बाल्कनीत बस.

किट एबीएसचं आहे ना, ते विकणाऱ्याला विचारून खात्री करून घे. काही स्वस्तातली किटं दुसऱ्या प्लास्टिकची असतात, त्यांना ही लापशी आणि हा गोंद वेगळे वागतात.

जोडायला ई-६००० हा गोंद वापर. तो हळू धरतो, प्रत्येक जोड क्लॅम्प आणि लोहचुंबक लावून निदान एक दिवस सोडावा लागतो. घाईच्या माणसाला तो नकोसा होतो. पण त्याचा मोठा गुण असा की नंतर जोर लावून सोडवता येतो. बाईचं अंग एकसारखं राहत नाही. थायरॉइड झालं, औषधं सुरू झाली, उद्या लग्न झालं, बाळंतपण झालं, अंग भरतं आणि उतरतं. त्या वेळी जोड उकलून पुन्हा बसवता आला पाहिजे. प्लास्टिक वितळवून जोडणारं कायमचं सिमेंट हातापायांना लावू नकोस.

कमरेच्या बाजूचा सांधा नीट बघ. डावीकडे पोट आणि किडनी तीन रिबिटांनी जोडलेली असतात, उजवी बाजू उघडते, तिथून तू आत शिरतेस. कमरेला वाढ लागत असेल तर ती किडनीच्या कडेला शिम घालून घे, पोटाच्या भागाला नाही, कारण पुढून बटणं मधोमध राहिली पाहिजेत. दोन्ही बाजूंना सारखी वाढ घे. नितंबावरचा भाग आपल्याला बहुतेक वेळा अरुंद पडतो. त्याला कापू नकोस. मोठ्या परातीत उकळतं पाणी घेऊन त्याच्या बाजूच्या कडा थोड्या थोड्या बुडव, मऊ झाल्या की हातमोजे घालून बाहेर वळव आणि गार पाण्यात धर. हीट गन पहिल्यांदा वापरू नये असं माझं मत आहे. एका जागी क्षणभर जास्त राहिली की प्लास्टिक सुरकुततं, आणि त्याला मग औषध नाही.

आता छाती. हे तू फोनवर विचारायला लाजलीस, मला कळलं. स्टॉर्मट्रूपरच्या छातीला बाईसाठी वेगळा आकार नाही आणि तो करू नये. नियमात बसत नाही, आणि माझ्या मते दिसायलाही बरं दिसत नाही. २०१५च्या ‘द फोर्स अवेकन्स’मधली कॅप्टन फास्मा आठव. ग्वेंडोलिन क्रिस्टी, उंच बाई, पण चिलखत सरळ, छातीचा उठाव न देता केलेलं. तिच्याकडे बघून कुणाला कमी वाटलं? फास्माचं चिलखत मला त्या चित्रपटातलं सर्वांत देखणं वाटतं, ते याच कारणाने.

पण आपलं अंग तर आहेच, त्याला जागा कुठून करायची? पहिलं म्हणजे घट्ट, चांगल्या प्रतीची स्पोर्ट्स ब्रा. छाती करकचून बांधू नकोस, तासन्‌तास श्वास घ्यायचाय. मग खांद्यावरच्या पट्ट्या, ज्या छाती आणि पाठीला जोडतात, त्या अर्धा इंच लांब ठेव. छाती भरलेली असली की पुढचा भाग वर सरकतो, गळ्याला लागतो आणि खालून पुढे येऊन सज्ज्यासारखा दिसतो. पट्टी लांब केली की तो खाली येतो. त्यानंतर काखेतली आत वळलेली कड काप. तिचं काम फक्त जाडी दाखवायचं आहे, आणि तीच सगळ्यात जास्त काचते. मग खालच्या दोन कोपऱ्यांना उकळत्या पाण्याचा हात देऊन आत वळव, म्हणजे ते पोटावर टेकतात. शेवटी आतून, छातीच्या खाली, उशीतल्यासारख्या फोमची पट्टी चिकटव. भाग डुगडुगत नाही आणि बरगड्यांना आधार मिळतो. बाजूने छाती आणि पाठ यांच्यात जरा जास्त अंतर राहील. राहू दे. आतला काळा पोशाख तेवढ्यासाठीच आहे, हात खाली सोडले की ते झाकलं जातं.

तुझी रूममेट उंच आणि काटकुळी आहे, तिलाही हौस आलीय म्हणतेस. तिला सांग की तिचं काम फोमने होईल. मांड्या आणि दंड आतून भर, म्हणजे फिरणार नाहीत. पोटाला वरून छातीखाली झाकला जाईल असा शिम घाल, म्हणजे धड लांब होतं. पट्टे थोडे सैल सोड. बाकी तिला फार त्रास नाही.

अर्ज करायच्या आधी, अर्धवट अवस्थेतच, फोटो तुझ्या गॅरिसनच्या, म्हणजे लीजनच्या स्थानिक शाखेच्या, जीएमएलला, सभासदत्व बघणाऱ्या माणसाला, पाठव. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी. स्टॉर्मट्रूपरवाल्यांची वेगळी डिटॅचमेंट आहे, एफआयएसडी. तिथे जगभरच्या लोकांनी आपापली बांधणी पायरीपायरीने दाखवली आहे, तुझ्याच बांध्याच्या बायका सापडतील. ‘इथून कापू का?’ हे कापण्याआधी विचारलेलं सगळ्यांना आवडतं. फोटो काढताना पोट आत ओढून उभी राहू नकोस. तू जशी कार्यक्रमाला उभी राहणार तशीच उभी राहा, नाहीतर मान्यता मिळालेलं चिलखत पहिल्याच दिवशी छळेल. कुणी तुझ्या अंगावरून बोललं, तर तिथल्या मोठ्या माणसाला सरळ सांग. चिलखतावर बोलायचा हक्क त्यांना आहे. तुझ्या अंगावर बोलायचा नाही.

आणि आता दोघींपुरतं. हे अंगात घालून बसता येत नाही. फार तर उंच स्टुलाला टेकता येतं. २००७च्या १ जानेवारीला पॅसाडीनाच्या रोझ परेडमध्ये लीजनचे जगभरातून आलेले सुमारे २०० जण साडेपाच मैल चालले, जॉर्ज लुकास त्या वर्षीचे ग्रँड मार्शल होते. तेवढं चालायचं तर चिलखत अंगाचं झालेलं हवं. काखेत, जांघेत, गुडघ्यामागे कडा पॉलिश पेपरने गोल कर आणि तिथे आधी व्हॅसलीन लाव. दोन भागांमध्ये कातडीला चिमटे बसतात, त्यावर आतला पोशाख लांब बाह्यांचाच घालणं हा एकच उपाय. बाथरूमला जायचं तर पट्टा, मग उजवी बाजू, मग खालचं टिचबटण असं सगळं उघडावं लागतं, दहा मिनिटं कुठे गेली कळत नाही. म्हणून पाणी पिणं बंद करतात पुष्कळ मुली. तू तसं करू नकोस. हेल्मेटच्या आत घामाची आंघोळ होते, चक्कर येते. सकाळपासून थोडं थोडं पाणी पी, आत छोटे पंखे बसव, आणि दर तासाने हेल्मेट उतरवायला खोली आहे का ते आधीच विचार. पाळीच्या दिवसांत जायचं असेल तर पिरियड पँटी घाल आणि सोबत फिरणाऱ्या हँडलरला, शक्यतो बाईलाच, आधी सांगून ठेव. त्यात लाजण्यासारखं काही नाही. हँडलर असतो तो याचसाठी. तुला खाली बघता येत नाही, पायऱ्या दिसत नाहीत, पळत येणारं पोर दिसत नाही.

एवढं सगळं वाचून तुला वाटलं की नको हा खटाटोप, तरी माझी काही हरकत नाही. १९८३च्या ‘रिटर्न ऑफ द जेडाय’मधला स्काउट ट्रूपर बघ. त्याच्या अंगावर प्लास्टिक कमी, कापड जास्त, त्यामुळे बसता येतं आणि लहानखुऱ्या माणसाला तो शोभतोही. शिवणकाम येत असेल तर इम्पीरियल अधिकाऱ्याचा गणवेश आहे. आणि छातीचा आकार बाईचाच हवा असेल, रंग आपल्या मनाचे हवे असतील, तर मँडलोरियन मर्क्स ही वेगळी संस्था आहे. तिचेही नियम आहेत, पण स्वतःचं पात्र रचायला मुभा आहे. फक्त ‘मला स्टॉर्मट्रूपर जमणार नाही’ म्हणून तिकडे जाऊ नकोस. मनापासून तेच हवं असेल तर जा. तू लहान असताना चादर पांघरून, रवा चाळायची चाळण तोंडावर धरून घरभर मार्च करायचीस. तुझं मन कशात आहे ते मला माहीत आहे.

पाठीचं आणि मांडीच्या मागचं माप एकटीला घेता येत नाही. कितीही आरसे लावले तरी हात वळला की माप बदलतं. तेव्हा येत्या लाँग वीकएंडला सरळ इकडे निघून ये. क्लॅम्प, लोहचुंबकं, पॉलिश पेपर, मोठी परात, सगळं माझ्याकडे आहे. खोका जसा आहे तसा गाडीत टाक, निघालेली एकही कड फेकू नकोस, आणि येताना तो आतला काळा पोशाख, बूट आणि स्पोर्ट्स ब्रा आठवणीने आण. त्यांच्याशिवाय मी माप घेणार नाही.